दोन खणांचं घर, बाकीची पेठ

कोल्हापुरात घरनंबर आणि वॉर्ड हे पोस्टमनच्या सोयीसाठी. पाकिटावर चार आकडी नंबर आणि पुढे ‘ए वॉर्ड, शिवाजी पेठ’ एवढं असलं की पत्र बरोबर दारात यायचं. पण माणसानं माणसाला पत्ता विचारला तर उत्तरात तालीम यायची, तिकटी यायची, वेस यायची. मिरजकर तिकटीच्या अलीकडं, रंकाळवेशीच्या आत, खंडोबा तालमीच्या मागं. ‘कुठल्या तालमीचा रं तू?’ या एका प्रश्नात पत्ता, फुटबॉलचा संघ आणि भांडण झालंच तर कुणाच्या बाजूनं उभा राहणार, हे सगळं विचारून व्हायचं. माझा भाचा आता कळंब्याकडं राहतो. त्याच्या पत्त्यात फेज आहे, विंग आहे, मजला आहे, आणि तरी पार्सल घेऊन आलेला पोरगा खालून दोनदा फोन करतो.

मी सांगतोय ते १९७० च्या दशकातलं. शिवाजी पेठेत एका वाड्यात आम्ही भाड्यानं राहायचो. घर दोन खणांचं. वाडे न पाहिलेल्यांसाठी सांगतो, दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. भाडं खोलीवर नव्हे, खणांवर ठरायचं. आमचं महिना अठरा रुपये होतं. वडील शाहू मिलमध्ये. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेल्या या मिलच्या भोंग्यावर निम्मं शहर घड्याळ लावायचं. त्या दोन खणांत आई-वडील, आजी, आम्ही तिघं भावंडं आणि शिकायला म्हणून कागलहून आलेला चुलतभाऊ एवढी माणसं राहत होती. आज हे सांगितलं की नातवंडं विचारतात, ‘मग तुम्ही मावत कसे होता?’

मावत नव्हतोच. आम्ही घरात फक्त जेवायला आणि आजारी पडायला असायचो. बाकीचं घर पेठेत पसरलेलं होतं. पोरं आणि तरणी माणसं रात्री तालमीत झोपायची. पाहुणे जास्त झाले की पुरुषमंडळींची वळकटी तिकडंच जायची. अभ्यासाला करवीर नगर वाचन मंदिर. १८५० पासूनचं ते ग्रंथालय भवानी मंडपाजवळ आहे, आणि तिथल्या बाकावर बसून मॅट्रिक झालेल्या माझ्या पिढीतल्या कित्येकांच्या घरात टेबल नावाची वस्तू नव्हती. धुणं रंकाळ्यावर, पोहणं पंचगंगेच्या घाटावर नाहीतर कोटितीर्थात. संध्याकाळी दूध प्यायला गंगावेशीचा कट्टा. गवळी म्हैस समोर उभी करायचा, धार काढायचा आणि फेस न मोडता पेला हातात द्यायचा. लग्न गल्लीत मांडव घालून. पातेली, पराती, बैठकीच्या सतरंज्या तालमीतून. मयत झालं तरी निरोप आधी तालमीत जायचा. सामान आणणं, नातेवाइकांना सांगावा धाडणं, सगळं पोरं करायची आणि घरच्यांना फक्त रडायचं काम उरायचं.

म्हणजे अठरा रुपयांत आम्हाला मिळत होत्या दोन खणांच्या भिंती, आणि दिवाणखाना, पाहुण्यांची खोली, अभ्यासिका, व्यायामशाळा, मंगल कार्यालय हे सगळं फुकट मिळत होतं. फुकट म्हणजे वर्गणीत. परवडणारं घर म्हणतात ते त्या काळी असं परवडत होतं. ही गोष्ट हिशेबात न धरता नुसतं ‘तेव्हा किती स्वस्ताई होती’ म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

आषाढातली त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा आठवते. मंगळवार किंवा शुक्रवार ठरायचा, गल्लीतल्या मुली नव्या घागरींतून पंचगंगेचं पाणी घेऊन टेंबलाईच्या टेकडीपर्यंत चालत जायच्या, पुढं ‘पी ढबाक’ वाजत असायचं. हे वाद्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांना समजावून सांगणं अवघड आहे. सनईची ‘पी’ आणि ढोलाचं ‘ढबाक’, यापलीकडं त्यात संगीत फारसं नाही, पण अंगात येतं. संध्याकाळी गल्लीचं सामुदायिक जेवण. वर्गणी न देणाऱ्यालाही ताट असायचं. पुढं वर्षभर त्याला ते ऐकवलं जायचं, हा भाग वेगळा. मोहरमला बाबूजमाल दर्ग्याच्या पंजाची वाट हिंदू घरंही पाहायची. कित्येक तालमींत गणपती बसायचा आणि पंजाही बसायचा, आणि दोन्हींचे मानकरी तेच.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितल्याशिवाय ही गोष्ट खोटी ठरेल. वाड्यात आठ बिऱ्हाडांना दोन संडास होते. पहाटेच्या अंधारात बायका टमरेल घेऊन रांगेत उभ्या राहायच्या, आणि माझ्या आईनं त्या दिवसांची आठवण कधीही गोडीनं काढली नाही. नळाला पाणी कधी येईल ते सांगता यायचं नाही. नव्या सुनेला नवऱ्याशी चार शब्द मनातले बोलायचे तर वाड्यात तेवढा आडोसा नव्हता; तिनं भाजीत मीठ जास्त घातलं तर ते आठही घरांत कळायचं. आपलेपणालाही हद्द होती. खोली मागायला आलेल्या माणसाला मालक आधी ‘गाव कोणतं, पाहुणे कुठले?’ विचारायचे, आणि या प्रश्नाचा अर्थ विचारणाऱ्याला आणि उत्तर देणाऱ्याला दोघांनाही पक्का ठाऊक असायचा. उत्तर मनाजोगतं आलं नाही की खोली ‘कालच गेली’ असायची. पेठ सगळ्यांची होती असं म्हणणारा माणूस बहुधा आत राहणारा असतो.

आणि मालक. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. धोतर, काळी टोपी, बोलणं कमी. महिन्याच्या पाच तारखेला ते अंगणात खुर्ची टाकून बसायचे, वडील अठरा रुपये द्यायचे आणि आबा ते न मोजता ठेवायचे. न मोजण्याचं कारण मोठेपणा नव्हता. त्या रकमेत मोजण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि मुंबईचा १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा इथल्या वाड्यांनाही लागू झाला. भाडेकरूला रस्त्यावर काढता येऊ नये हा हेतू चांगलाच होता, त्या कायद्यानंच आमच्यासारख्यांना छप्पर दिलं. पण भाडं जागच्या जागी गोठलं. दर वर्षी पावसाआधी कौलं शाकारायची, पडकी भिंत लिंपायची, वाळवी लागलेली तुळई बदलायची, हे आठ बिऱ्हाडांच्या भाड्यातून निघत नव्हतं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला, त्यात वर्षाला चार टक्के वाढ घेण्याची मुभा मिळाली. अठरा रुपयांवर चार टक्के म्हणजे बहात्तर पैसे. पंचवीस वर्षं दरसाल चढवत नेले तरी अठराचे पन्नास होत नाहीत. आबांनी वाड्याकडं पाहणं सोडलं, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

वाडे असे पडले. कुणी पाडले नाहीत, आधी ते पडू दिले गेले. एका पावसाळ्यात मागची भिंत, दुसऱ्या पावसाळ्यात जिना, मग महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस, मग बिल्डर. भाडेकरूंपैकी ज्यांच्याकडं दम होता त्यांना नव्या इमारतीत जागा मिळाली, बाकीच्यांनी रोख घेतली. आम्ही रोख घेतली.

पण त्याआधीच वडिलांनी एक काम करून ठेवलं होतं, आणि माझ्या मते तेव्हा आणि आता यांतला खरा फरक तिथं आहे. फुलेवाडीकडं त्यांनी दीड गुंठा जागा घेतली होती. मिलमधले, शाळांतले, एस.टी.तले, उद्यमनगरातल्या फौंड्रीतले कितीतरी लोक तेव्हा असंच करत होते. कर्मचाऱ्यांच्या गृहनिर्माण संस्था निघत होत्या; साने गुरुजी वसाहत, प्रतिभानगर, जरगनगर अशा वसाहतींत नोकरदारांची घरं उभी राहत होती. दीड गुंठ्याला वडिलांचा जेमतेम दीड वर्षाचा पगार गेला. घर लगेच बांधलं नाही. आधी कुंपण, मग पाया, फंडाचे पैसे आल्यावर दोन खोल्या, मी नोकरीला लागल्यावर स्लॅब. घर दहा-बारा वर्षं बांधलं जात होतं आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. वर लोखंडी सळया मोकळ्या सोडलेल्या असायच्या, पुढच्या मजल्यासाठी, पुढच्या पिढीसाठी. नियमांच्या चष्म्यातून पाहिलं तर त्यातलं बरंचसं गुंठेवारीत मोडणारं, बिगरशेती न झालेलं. सरकारला ते रीतसर करून घेण्यासाठी २००१ मध्ये कायदाच करावा लागला. तरी एक गोष्ट खरी, की मिलमधला कामगार कर्जाशिवाय, हप्त्याशिवाय, आपल्या चालीनं या शहरात घर बांधू शकत होता.

माझा भाचा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे. कामात हुशार. हातात अठ्ठावीस हजार पडतात, बायकोचं शिवणकाम वेगळं. त्यानं दोन बेडरूमच्या फ्लॅटची चौकशी केली तेव्हा आकडा बावन्न लाख सांगितला गेला. म्हणजे त्याचा साडेपंधरा वर्षांचा अख्खा पगार, एक कप चहासुद्धा न पिता. त्यावर मुद्रांक शुल्क सहा टक्के धरलं तर तीन लाख बारा हजार, नोंदणीचे तीस हजार, बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर पाच टक्के जीएसटी म्हणजे आणखी दोन लाख साठ हजार. सहा लाख तर नुसते कागदावर जातात. चाळीस लाख कर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतलं तर हप्ता पस्तीस हजारांच्या घरात. पगारापेक्षा हप्ता मोठा. बँकेतल्या माणसानं त्याला अगदी अदबीनं चहा पाजून परत पाठवलं. सरकारी व्याख्येत परवडणारं घर म्हणजे पंचेचाळीस लाखांपर्यंतचं. ते कुणाला परवडतं हे त्या व्याख्येत लिहिलेलं नाही. भाचा आज राहतो तो भाड्यानं, अकरा महिन्यांच्या करारावर.

किमती अशा का चढल्या, यावर कोल्हापुरात जेवढी डोकी तेवढी मतं आहेत. उसाचा पैसा, पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्यांनी गुंतवणूक म्हणून घेतलेले फ्लॅट, बिल्डरांचं संगनमत. या सगळ्यात तथ्य आहे. पण मला दोन गोष्टी मुळाशी दिसतात. एक म्हणजे जागा. महानगरपालिका १९७२ साली झाली, आणि नंतर अर्धशतक उलटून गेलं तरी शहराची हद्द तेवढीच राहिली, सुमारे ६७ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत त्यात साडेपाच लाख माणसं होती. हद्दवाढीचं नाव काढलं की शहराच्या बाजूनं एक बंद होतो आणि गावांच्या बाजूनं दुसरा. गावांना वाटतं की घरफाळा वाढेल, शेतजमिनीवर आरक्षणं पडतील, आणि पाणी मात्र मिळणार नाही. आणि शहरातल्याच कितीतरी भागांची पाण्याची अवस्था पाहता त्यांना वेडं म्हणता येत नाही. २०१७ मध्ये मधला मार्ग म्हणून बेचाळीस गावांचं प्राधिकरण झालं. तोवर पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी इथं ग्रामपंचायतींच्या डोक्यावर शहर वाढत गेलं होतं: माणसं शहराची, रस्ते गावाचे, आणि पाणी टँकरचं.

दुसरी गोष्ट पंचगंगा. जुन्या पेठा उंचवट्यावर आहेत, हे आमच्या आजीला ठाऊक होतं आणि नगररचनेचे नकाशे पाहणाऱ्यांना ठाऊक नसावं. राजाराम बंधाऱ्यावर नदीची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये नदी ५५ फुटांच्या वर गेली. नागाळा पार्क, रमणमळा, शाहूपुरीचा सखल भाग, जिथं लोकांनी आयुष्यभराची पुंजी घालून फ्लॅट घेतले होते, तिथं पार्किंगमध्ये होड्या आल्या. मग पुराची निळी रेषा, लाल रेषा हे शब्द घराघरांत पोचले. रेषेच्या आत बांधू नये, हे बरोबरच. पण त्यामुळं उरलेली उंचावरची जागा आणखी महाग झाली. गरीब माणूस एकतर रेषेच्या आत राहतो, नाहीतर रिंग रोडच्या पलीकडं.

त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. सहा जिल्ह्यांतल्या पक्षकारांची मुंबईची पायपीट वाचली. चाळीस वर्षांहून जास्त काळ या मागणीसाठी वकील आणि शहर रस्त्यावर उतरत होतं, मला त्याचा आनंद आहे. पण मोठ्या कचेऱ्या येतात तेव्हा त्यांच्याबरोबर जास्त भाडं देऊ शकणारी माणसंही येतात, आणि त्यांच्या आधी घरमालकांची अपेक्षा येते. याचा विचार आधी करावा, असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

तालमी अजून आहेत. लाल माती काही ठिकाणी आहे, काही ठिकाणी तिच्यावर फरशी बसून जिम आली आहे, आणि काही तालमींच्या खालच्या मजल्यावर गाळे निघालेत. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब यांचे झेंडे घेऊन जी पोरं येतात, त्यातली बरीचशी आता पेठेत राहत नाहीत. ती पाचगावहून येतात, फुलेवाडीहून येतात. रेशनकार्डावर, मतदार यादीत पत्ता जुनाच ठेवतात. गणपतीत पाच दिवस पेठेत मुक्काम करतात, मिरवणुकीत घसा बसेपर्यंत ओरडतात आणि दुसऱ्या दिवशी ‘जातो आता घराकडं’ म्हणून निघून जातात. पेठेत राहायला परवडत नाही पण पेठेची वर्गणी परवडते, अशी ही जमात आहे. भाच्याच्या सोसायटीतही गणपती बसतो, पार्किंगमध्ये. वर्गणी मोबाइलवरून जाते, आरतीला बऱ्यापैकी माणसं येतात. त्याच्या मजल्यावरच्या चार घरांत कोण राहतं ते त्याला ठाऊक आहे, वरच्या मजल्यावरचं नाही. मी कुरकुर केली तर म्हणाला, ‘मामा, बरं हाय की! कुणी विचारत न्हाई, आज उशीर का झाला म्हणून.’ त्याचं चुकतं असं मला म्हणवत नाही.

एका गोष्टीवर मात्र मला बोलायचंच आहे. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. १९०१ साली इथं मराठा बोर्डिंग निघालं, त्याच साली जैन बोर्डिंग, मग मुस्लिम, लिंगायत आणि इतर समाजांची. जागा आणि देणग्या शाहू महाराजांनी दिल्या. खेड्यातल्या पोराची अक्कल कमी पडत नाही, शहरात राहण्याचा खर्च त्याला अडवतो, हे त्यांनी नेमकं ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांसारखे लोक त्या बोर्डिंगांतून गेले. गुळाच्या व्यापारासाठी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली तीही त्यांनीच. धंदा आणायचा तर धंदेवाल्यांना जागा आधी दिली पाहिजे, एवढं साधं गणित त्यामागं होतं. त्या शहरात आज परगावच्या पोराला खोली शोधताना ‘बॅचलर चालणार नाही’ हे वाक्य पहिल्यांदा ऐकावं लागतं. दुसरं वाक्य ‘फक्त शाकाहारी’. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या गावात ही पाटी लावणाऱ्याच्या धाडसाचं मला कौतुक वाटतं, पण राग जास्त येतो. जुने मालक ‘पाहुणे कुठले?’ विचारायचे, नव्यांनी तोच प्रश्न जेवणाच्या ताटातून विचारायला सुरुवात केली एवढंच.

शाहू मिल २००३ मध्ये बंद पडली, भोंगा त्याच्या बराच आधीपासून मंदावला होता. दीड गुंठा घेऊ शकणारा कामगार तिच्याबरोबर गेला. त्याची जागा घेणाऱ्या पोरांना विकत घर मिळणार नाही, हे एकदा मोकळेपणानं कबूल करायला हवं आणि भाड्याच्या घरांकडं वळायला हवं. देशातल्या शहरांत एक कोटी दहा लाखांच्या आसपास घरं रिकामी पडून असल्याचं २०११ च्या जनगणनेनं सांगितलं होतं. आपल्याकडची संध्याकाळ पाहिलीत तरी चित्र दिसतं; नव्या इमारतींत कितीतरी खिडक्यांत दिवा लागत नाही. मालकांना भीती वाटते ती आबांच्या वाड्याची, की भाडेकरू बसला की उठायचा नाही. ती भीती आता जुनी झाली आहे. रीतसर नोंदवलेला करार असेल तर मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची सोय कायद्यात आहे.

म्हणून हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांचा एखादा फ्लॅट कोल्हापुरात, सांगलीत, साताऱ्यात, कुठंही कुलूप लावून ठेवलेला असेल, त्यांना माझी विनंती आहे. किंमत वाढायची वाट बघत तो बंद ठेवू नका. करार नोंदवा, भाडं पगाराला झेपेल असं ठेवा, आणि दारात आलेल्या माणसाची जात, ताट आणि लग्न विचारू नका. महापालिकेनंही आपल्या पडून असलेल्या जागांवर निदान काही ठिकाणी भाड्याच्या खोल्या बांधाव्यात. महाराजांनी जागा दिल्या होत्या, त्यावर बोर्डिंगं अजून उभी आहेत.